सोनाबाईचे दात आणि सुनेची पेस्ट

पनवेलच्या मासळीबाजारात सोनाबाई सुकी मासळी विकते, पण खरेदी करते ती दातांनी. टोपलीतला एक सोडा, म्हणजे वाळवलेली कोलंबी, पुढच्या दातांत धरायचा. कट्‌कन तुटला तर माल घ्यायचा. चिवट लागला तर आत ओल आहे, चालते व्हा! तसा तिचा विश्वास कुणावरच नाही. बाई ताकच काय, पाणीही फुंकून पिणारी.

यंदा मात्र सोडा चावला की कळ थेट डोक्यात जायची. दातांच्या कडा झिजून पिवळ्या पडल्या. दात गेले की धंदा गेला, या धास्तीनं तिची झोप उडाली. संशय आला तो सुनेवर. रंजितानं घरात फेसाची पेस्ट आणली होती ना! "तिला माजी टोपली पायजे, म्हनून दात पाडतेय," असं तिनं बाजारभर पसरवलं. सोनाबाईनं ती पेस्ट लावली होती दोनदाच, पण ते कोण विचारतो?

दाताचे डॉक्टर विश्वजीत यांनी तोंड पाहिलं. "दिवसभर काय चघळता?"

"आमसूल. उन्हात घशाला कोरड पडते. मग मिशरी घासते."

"तिथंच घात झाला! आंबटानं दाताच्या कवचातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळतं, कवच मऊ पडतं. लाळ ते हळूहळू परत बसवते. तुम्ही तिला सवडच देत नाही, मऊ कवच लगेच खरवडता. मिशरी सोडा. पेस्टमधल्या फ्लोराइडनं उलट कवच बळकट होतं."

"ह्यो पन पेस्टवाल्यांचाच मानूस," ती बाहेर पडताना पुटपुटली.

घरी तिनं दोन वाट्या मांडल्या. एकीत आमसुलाचा आंबट रस, म्हणजे आगळ, दुसरीत पेस्ट कालवलेलं पाणी, दोन्हींत दाताऐवजी एकेक शिंपली. सुनेनं अदलाबदल करू नये म्हणून वाट्या कपाटात कुलूपबंद! तिसऱ्या दिवशी पाहिलं, तर पेस्टमधली शिंपली जशीच्या तशी. आगळातली नखानं खरवडली, तर पांढरा चुरा हातात आला.

सोनाबाई पुन्हा डॉक्टरांकडे गेली. "गेलेलं परत येल का?"

"झिजलेलं नाही येत, बाई. उरलंय ते सांभाळा."

दुसऱ्या दिवशी उरणचा व्यापारी कमळाकर सोडे घेऊन आला. सोनाबाईनं पहिल्यांदाच सुनेला बरोबर नेलं होतं. बाजारातल्या सगळ्या बायांसमोर ती म्हणाली, "पोरीला मी फुकट बदनाम केली. माजे दात मीच खाल्ले." मग सोडा रंजिताच्या हातात दिला. "तू चाव."

रंजितानं चावला. "आई, आत ओल हाय."

"खडखडीत वाळलाय!" कमळाकर उसळला. "तुमी सवता बघा की."

सोनाबाईनं सवयीनं सोडा तोंडापाशी नेला, आणि न चावताच टोपलीत टाकला.

"ती बोलली ना? मंग उचल तुजा माल."