झील धरणारा चावीवाला

आमच्या गल्लीत देवापेक्षा जास्त वाट पाहिली जाते ती बिरुदेव खरातांची. ते महापालिकेचे चावीवाले. खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून ते सायकलवरून येतात, रस्त्यातल्या चौकोनी खड्ड्यात ती घालून फिरवतात आणि मग चार-पाच दिवसांच्या खंडानंतर आमच्या नळांना पाणी येतं. सोलापुरात चावीवाल्याशी कुणी वाकडं वागत नाही. मी वागते. ही बाई कुणाशीच सरळ वागत नाही, असं माझ्या सासरचे म्हणायचे आणि माहेरचे अजून म्हणतात.

बिरुदेवांना एक खोड आहे. ते स्वतःहून बोलणं सुरू करत नाहीत. तुम्ही बोललात की तुमच्या वाक्याचं शेपूट तेवढं उचलतात.

"काल पाणी फार कमी दाबानं आलं हो," मी फाटकातून ओरडते.

"कमी दाबानं आलं," ते मान डोलवून म्हणतात.

"काहीतरी करा की!"

"करा की."

भांडायला गेलेल्या माणसाला वाटतं, हा तर आपल्याच बाजूचा. तो समाधानानं घरी जातो आणि आंघोळीला बसल्यावर त्याच्या लक्षात येतं की झालं काहीच नाही. माणूस लबाड आहे की भोळा, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नव्हतं.

मी वैजयंती. शाळेतून निवृत्त झाले आणि आता आमच्या हौशी नाट्यमंडळात पेटी वाजवते. यंदा मंडळात उदयसिंह नावाचा तरुण दिग्दर्शक आला. पुण्याला नाटकाचं शिकून आलेला. त्यानं जाहीर केलं की आपण म्युझिकल करायचं. आता म्युझिकल म्हणजे काय, यावर आमची एक अख्खी संध्याकाळ गेली. तो म्हणाला, "म्युझिकलमध्ये गाण्यातून गोष्ट पुढे जाते." मी म्हटलं, "मग आमच्या संगीत नाटकात काय मागं जात होती?" त्यानं ते वहीत लिहून घेतलं आणि पुढचा मुद्दा काढला. गोष्ट गाऊन सांगणारा एक सूत्रधार हवा होता. त्यासाठी ऑडिशन ठरली, आणि तिची पाटी माझ्या फाटकावर लागली, कारण माझं घर कोपऱ्यावर आहे.

दुसऱ्याच दिवशी बिरुदेवांनी सायकल फाटकाला टेकवली आणि चक्क स्वतःहून तोंड उघडलं.

"बाई, ह्यात एकट्यानं म्हणायचं असतंय?"

"हो."

"मागनं कुणी न्हाय?"

"कुणी नाही."

"मग चुकलं तर लगेच कळतंय की, कुणाचं चुकलं ते."

"तेच तर बघायचं असतं," मी म्हटलं. "तुम्हाला कशाला हव्यात या चौकश्या?"

तेव्हा पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. बिरुदेवांचं गाव सांगोल्याकडचं. घरात मेंढरं, आणि मेंढरांबरोबर ओव्या. बिरोबाच्या जत्रेत रात्रभर धनगरी ओव्या म्हणतात. त्यात एकजण ओळ टाकतो आणि मागचे ती उचलतात, लांबवतात. त्या उचलण्याला म्हणतात झील. ओळ टाकायचे ते थोरले भाऊ श्रीमंतअण्णा. झील धरायचे बिरुदेव. कळत्या वयापासून हेच. बिरुदेव नोकरीला सोलापुरात आले तरी जत्रेला जायचेच. गेल्या वर्षी अण्णा वारले. आता गावकऱ्यांचा निरोप आला होता की यंदा ओळ तुम्ही टाकायची, जमणार नसेल तर आत्ताच सांगा, शेजारच्या गावचा माणूस बोलावतो.

"मग टाका की," मी म्हटलं. "सगळ्या ओव्या पाठ असतील तुम्हाला."

"पाट हायत की. पण पयली ओळ तोंडातनं येतच न्हाय, बाई. माळावर जाऊन बगितलं, टाकीवर चढून बगितलं. तोंड उगडतो आनि वाट बगत बसतो."

"कुणाची?"

त्यांचे डोळे भरून आले आणि मी उगीचच तुळशीची वाळकी पानं खुडायला लागले. मला रडणाऱ्या पुरुषांचं काय करायचं ते समजत नाही.

"तुमचं नाटक मला नको," ते शेवटी म्हणाले. "मला फकस्त बगायचंय, चार लोकांत येतंय का न्हाय. गावात हसं हुण्यापरीस हितं झालेलं बरं. मग गावाला काय ते कळवतो."

म्हणजे नाटकात काम नको असलेला माणूस ऑडिशनला येणार होता. मी नाव लिहून घेतलं.

रविवारी सकाळी एका शाळेच्या सभागृहात आम्ही जमलो. उन्हानं पत्रे तापलेले आणि पंखे फक्त आवाज करणारे. बिरुदेव धुतलेल्या पांढऱ्या शर्टात आले. सोबत बायको, केराबाई. ही बाई बाजारात भाजी विकते, आणि तिचा आवाज पाहता ऑडिशन तिचीच घ्यायला हवी होती. आल्या आल्या तिनं उदयसिंहला विचारलं, "सायेब, ह्यांचा नंबर कवा? माजी मेथी वाळालीया." उदयसिंह पुण्यात जे शिकला त्यात याचं उत्तर नसावं. तो हसला आणि पाणी प्याला.

पहिला आला संगमेश, औषधाच्या दुकानाचा मालक. गळा बरा, पण त्याला स्वतःला तो फारच बरा वाटतो. त्यानं एक भावगीत धरलं. पहिली ओळ संपवून तो डोळे मिटून थांबला, आणि मागच्या बाकावरून तीच ओळ परत आली. बारीक, लांब, थोडी थरथरती. संगमेशनं दचकून मागं पाहिलं. मीही पेटीचा भाता सोडला. बिरुदेव हात मांडीवर ठेवून शांत बसले होते, जसं काही झालंच नाही.

"मामा, तुमचा नंबर अजून आलेला नाही," उदयसिंह म्हणाला.

"नंबर आलेला न्हाय," बिरुदेव म्हणाले.

संगमेशनं पुन्हा सुरुवात केली. ओळ संपली की पुन्हा मागून झील. तो दुसरी ओळच विसरला. "हे काय चाललंय? मुद्दाम करताय का तुम्ही?" तो ओरडला.

बिरुदेव उभे राहिले. ते खरोखर गोंधळले होते, माझी खात्री आहे. "मुद्दाम न्हाय ओ. तुमी ओळ टाकली. कुणी उचलना. मग काय खाली पडू द्यायची?"

"पडू द्या!" संगमेश म्हणाला.

"आवं, भल्या माणसाची ओळ अशी पडू देत न्हाईत," केराबाई मधे पडल्या. "आमच्याकडं त्यो अपमान असतोय. उपकार माना की!"

ओळ उचलावी तर संगमेशचा अपमान, न उचलावी तर बिरुदेवांच्या मते संगमेशचाच अपमान. उदयसिंहनं डोकं खाजवलं. मला हसू येत होतं आणि संगमेशची कीवही येत होती, दोन्ही एकदम. बिरुदेवांनी तोंडाशी रुमाल धरून बसायचं, असा शेवटी तोडगा निघाला. त्यानंतरच्या प्रत्येकाच्या गाण्याला रुमालातून काहीतरी गुणगुण येतच होती. गंमत म्हणजे पुढचे दोघे-तिघे त्या गुणगुणीवर जास्त चांगलं गायले. ते का, हे त्यांना कळलं नाही आणि मलाही.

मग बिरुदेवांचं नाव पुकारलं. ते रंगमंचावर चढले. मागून कुणीतरी विचारलं, "मामा, आज आमच्याकडं पाणी हाय का?" ते सवयीनं "पाणी हाय का" म्हणाले आणि सगळे हसले. मला संताप आला. मी पेटीवर हात आपटून गप्प बसा म्हटलं.

"सूर कुठला?" मी विचारलं.

"कुटला बी द्या."

मी काळी चार दिली. त्यांनी तोंड उघडलं. बराच वेळ काही नाही. मग पुटपुटल्यासारखी ओळ आली:

"आला माळावरनं देव, त्येच्या पायाला धुरूळा..."

आणि थांबले. मान किंचित तिरकी करून, कान मागं लावून थांबले. पंखा तेवढा कुरकुरत होता.

"पुढे?" उदयसिंह म्हणाला.

"पुढं तुमचं," बिरुदेव म्हणाले.

"आमचं काय?"

"झील."

"मामा, इथे एकट्यानंच म्हणायचं आहे. तुम्हीच सगळं."

"मीच सगळं," बिरुदेव म्हणाले. पुन्हा ओळ टाकली, पहिल्यापेक्षा बारीक, आणि पुन्हा थांबले. आता हसायलाही कुणी तयार नव्हतं. मला वाटलं, संपलं. हा माणूस आता घरी जाईल, गावाला नाही म्हणून कळवेल आणि आयुष्यभर आमच्या वाक्यांची शेपटं उचलत राहील. पेटीतून तरी झील धरावी म्हणून मी सूर चाचपडले, पण माझी बोटं ऐन वेळी कुठं जायचं तेच विसरली. इतकं वाईट मला माझ्या स्वतःच्या फजितीतही कधी वाटलेलं नाही.

"ठीक आहे मामा, धन्यवाद," उदयसिंह हळूच म्हणाला.

बिरुदेव उतरायला वळले. मग मधेच थांबले. डावा हात कानावर ठेवला, डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि ओळ टाकली.

तो आवाज त्यांचा नव्हता. घोगरा, रुंद, दांडगा. काळी चार आणि पांढरी सहा यांच्या मधल्या फटीत कुठंतरी बसणारा, म्हणजे माझ्या पेटीत नसलेला. पत्र्याखालची कबुतरं उडाली. ओळ संपली आणि तिला लागूनच तोंडातून दुसरा आवाज आला, तो ओळखीचा, बारीक, थरथरता. त्यानं ती ओळ उचलली, लांबवली, खाली ठेवली. पुन्हा घोगरा. पुन्हा बारीक. माणूस एक आणि गाणारे दोन. दोन्ही आवाजांना वेगवेगळा श्वास. मी भाता कधी सोडला, मला आठवत नाही. एकजण उगीचच बाकाखाली वाकून पाहत होता.

आणि त्याच वेळी मला केराबाई दिसल्या. पहिल्या बाकावर मांडी ठोकून बसलेली ती बाई पहिल्या घोगऱ्या ओळीला ताडकन उठली. सोलापुरात राहून तिचा पदर केव्हाच खांद्यावर उतरलेला. तो तिनं घाईघाईनं डोक्यावर ओढला, कपाळाखाली आणला आणि तोंड फिरवून दाराआड भिंतीशी जाऊन उभी राहिली. ओवी संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

ओवी संपली. टाळ्या वाजवाव्यात की नाही, यावर सभागृहाचं एकमत होईना. थोड्यांनी वाजवल्या. उदयसिंह मात्र नाचायचाच बाकी होता. "मामा, सूत्रधार पक्का! काम तुमचंच!"

"कुणाचं?" बिरुदेवांनी विचारलं.

"तुमचं!"

"मी तर झील धरली, सायेब." त्यांचा चेहरा कोरा होता. ते माझ्याकडं वळले. "बाई, ओळ कुणी टाकली?"

मी आयुष्यभर पोरांना उत्तरं सांगत आले. पण इथं 'तुम्हीच' असं सांगायची सोय नव्हती, कारण तो दुसरा आवाज मीही ऐकला होता. राग काढायला कुणीतरी हवं म्हणून मी उठून दाराकडं गेले.

"केराबाई, बाहेर या आधी! एवढं नवऱ्यानं म्हटलं आणि तुम्ही तोंड लपवून उभ्या? लाज कसली वाटते तुम्हाला?"

पदराआडून, बाजारात कधी ऐकू न आलेल्या दबक्या आवाजात त्या म्हणाल्या, "लाज न्हाय ओ, बाई. थोरलं भावजी हायत की तितं. त्येंच्या म्होरं मी उगड्या डोक्यानं कदी बसले न्हाय."

मागून बिरुदेव आले होते. त्यांनी ते ऐकलं. 

"केरा, अगं मी हाय," ते म्हणाले. "घे खाली पदर."

"कळतंय मला, तुमी हाय ते," केराबाई म्हणाल्या. मान तशीच खाली. "पर दमा जरा. त्येंना जाऊ द्या भाईर."

दार अरुंद आहे आणि बिरुदेव नेमके त्यात उभे होते. ते चटकन बाजूला झाले, पाठ भिंतीला लावली, थोरला माणूस निघाला की धाकट्यानं व्हावं तसे. मीही का कोण जाणे सरकले. दारातून उन्हाची गरम झुळूक आत आली.

मग बिरुदेवांनी खिशातून मोबाईल काढला.

"गावाला कळवतो, बाई," ते म्हणाले. "जत्रंला म्हणायला माणूस हाय, भाईरचा बोलवू नका म्हणावं."