लँडमास्टरच्या मागच्या सीटवर

आधीच सांगतो, भूतखेत म्हटलं की मी हसणारा माणूस. गाडीला कुणी लिंबू-मिरच्या बांधल्या तर "लोणचं घाला की त्याचं" म्हणणारा. तरी हे लिहितोय... कारण त्या गाडीचं स्टिअरिंग माझ्याच हातात होतं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आम्ही धानोऱ्याचे, वडिलांचा मोह-हिरड्याचा व्यापार. त्यांनी एका लाकूड-ठेकेदाराकडून जुनी लँडमास्टर घेतली — पुढे जिची ॲम्बेसेडर झाली, तीच. बाकी रंग विटलेला, पण समोरून अगदी कोरा. फुकटात घबाड मिळाल्यासारखे आम्ही खूश.

धाकटी बहीण शकू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ती अडली. सुईणीनं हात टेकले, तेव्हा सकाळीच तिला गाडीत घालून गडचिरोलीच्या दवाखान्याकडे निघालो. मागे आई, तिच्या मांडीवर शकूचं डोकं.

जंगलात रस्त्याकडेला फांद्यांचा मोठा ढीग होता. आमच्याकडे वाघानं माणूस मारला की त्या जागी येणारा-जाणारा एकेक फांदी टाकतो. तिथं पोचलो आणि गाडी मागून बसली. टायर ठीक, स्प्रिंगा ठीक. क्लच सोडला की गुरगुरून बंद! शकू कण्हत म्हणाली, "आई, इथी कोन बसली वं? मले पाय लांबवता नाई येत."

तिच्या पायाशी कुणीच नव्हतं.

ढिगावर फांदी टाकायला एक म्हातारी आली होती. गाडी पाहून ती थबकली, मग समोरच्या रंगावरून हात फिरवू लागली.

"बाई, हात लावू नका, पोरगी अडली आहे!" मी ओरडलो.

"माही पोरगी इथीच मेली, भाऊ. मोहफुलं वेचाले आल्ती. ठेकेदार म्हणे वाघानं मारलं. दाताचा एक घाव नाई अंगावर! हेच गाडी उभी होती इथी. तरी आमी वाघानं मारल्यावानीच सारं केलं, हा ढीगबी घातला." तिनं गाडीकडे बोट दाखवलं. "वाघानं मारलेला मानूस वाघावर बसून फिरते म्हणते. ज्यानं मारलं त्याच्यावरच बसते. माही पोरगी हिच्यावर बसून हाये."

तिनं मागचं दार उघडलं. रिकाम्या जागेकडे पाहून म्हणाली, "उतर, माय. ह्या बाईचं लेकरू अडलं हाये. घरी चाल."

बराच वेळ काहीच झालं नाही. म्हातारी विनवत राहिली. मग गाडी मागून वर आली, कुणी उतरल्यावर येते तशी. मी सुसाट निघालो.

शकू वाचली. लेकरू पोटातच गेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडं आधी आणायला हवं होतं."

ठेकेदाराला कुणी काही विचारलं नाही. गाडी मी मिस्त्रीकडून पुरती खोलून घेतली, काही निघालं नाही. ती का बसली आणि का उठली, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

पण गाडी खोलायच्या आधी, शकूला दवाखान्यातून घरी न्यायला तीच गाडी घेऊन गेलो होतो. ती दाराशीच थांबली. आत बसेना.

"दादा," ती म्हणाली, "ज्यानं मारलं त्याच्यावरच बसते ना मानूस? मंग माहं लेकरू कोनावर बसलं असंल?"