घोड्याशी बोलायचं नाही

क्लबच्या प्रवेश अर्जात वडिलांचा व्यवसाय विचारला होता. घोडेस्वारी शिकायला आलेल्या सत्तावीस वर्षांच्या बाईच्या वडिलांशी क्लबला काय करायचं होतं, कोण जाणे. मी इंग्रजीत ‘ट्रान्सपोर्ट’ लिहिलं आणि अर्ज टेबलावर सरकवला. क्लब चालवणाऱ्या बाईंनी तो वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “ट्रक?”

“तसंच काहीतरी,” मी म्हणाले.

माझे वडील टांगा चालवायचे. वऱ्हाडातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, रेल्वे स्टेशन ते बाजार. ऑटो आले तेव्हा बाकीच्या टांगेवाल्यांनी जनावरं विकून टाकली. वडिलांनी आपली घोडी विकली नाही, कारण मी अमरावतीला इंजिनिअरिंगला होते. माझा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला आणि त्याच महिन्यात त्यांनी घोडी विकली. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. पुण्यात आले, हिंजवडीत नोकरी लागली, परदेशातल्या माणसांशी फोनवर इंग्रजी बोलू लागले. इथवर मला त्या घोडीने ओढत आणलं होतं, हे मी विसरले नव्हते. पहिली बढती मिळाल्यावर कंपनीतल्या सगळ्यांनी गाडी बुक केली. मला घोड्याच्या पाठीवर बसायचं होतं. आम्ही भावंडं लहानपणी टांग्यात बसायचो. पाठीवर बसून घोडीला दमवायची आमची टाप नव्हती.

एवढं सगळं होतं, आणि अर्जावर मला ‘टांगा’ हा शब्द लिहिता आला नाही. त्या टेबलापाशी मला भीती वाटली. त्या भीतीचा राग मला आजही येतो.

सकाळी सहाची बॅच. शिकणारी बहुतेक दहा-बारा वर्षांची, इंग्रजी शाळांतली मुलं. त्यांच्या आया कुंपणापाशी कॉफीचे थर्मास घेऊन उभ्या असत. मोठी माणसं आम्ही चौघंच. बाई साठीच्या, सैन्यातल्या अधिकाऱ्याच्या पत्नी, मूळच्या पेठेतल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे. नाव त्यांनी मला कधी विचारलं नाही. हाक मारायची तर “हिंजवडी” म्हणत.

“अहो हिंजवडी, लगाम धरलाय की कंपनीच्या बसचा दांडा?”

मुलं हसत. बाई हसत नसत.

माझी खरी खोड वेगळीच होती. मी घोड्याशी बोलायचे. घोडा चालेना की टाळूला जीभ लावून च्क च्क करायचे, पुढे गेला की “शाबास” म्हणायचे, वळणावर “हो, हो” करून सावरायचे. मला हे कोणी शिकवलं नव्हतं. वडिलांच्या शेजारी टांग्याच्या फळीवर बसून ते अंगात आलं होतं. आणि आम्हाला जी स्पर्धा शिकवत होते, ड्रेसाज, तिच्यात नेमकं हेच चालत नाही. चौकोनी रिंगणाच्या कडेने अक्षरांच्या पाट्या लावलेल्या असतात. कुठल्या अक्षरापाशी चालवायचा, कुठे दुडकी चाल धरायची, कुठे गोल फेरी घ्यायची, मधोमध थांबून परीक्षकाला मान लववून सलाम कधी करायचा, हे सगळं आधी ठरलेलं असतं. घोड्याला जे सांगायचं ते पायांनी, बैठकीने आणि लगामाने. तोंडातून आवाज निघाला की गुण कापतात.

“हा टांगा स्टँड नाही,” बाई म्हणत.

हे त्या सगळ्यांनाच म्हणायच्या, माझ्याबद्दल काही कळलं होतं म्हणून नव्हे. तरी माझे कान तापायचे. मुलांनी माझा तो आवाजच उचलला. मी रिंगणात गेले की कुंपणापाशी च्क च्क सुरू व्हायचं. एकदा एका मुलाच्या आईनेही केलं आणि मग तोंडावर हात ठेवला.

रविवारी घरी फोन करायचे. वडील आधी विचारत, घोडं बरं आहे का, मग मला.

“बाबा, इथं घोड्याशी बोलू देत नाहीत.”

“कावून?”

“नियम आहे.”

ते म्हणाले, “मुका मानूस पाठीवर बसला त जनावराले भेव लागते वं माय. त्याले समजत नाही, वर कोन हाय ते.”

गणपती झाल्यावर क्लबच्या फळ्यावर सूचना लागली. मोठ्या माणसांनी दिवाळीपर्यंत किमान एक शो पूर्ण करून त्याची गुणपत्रिका दाखवावी. नाही दाखवली तर सकाळच्या बॅचमधली जागा लहान मुलांना दिली जाईल. शो कुठलाही चालेल. घोडे कमी होते आणि मुलांची रांग मोठी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. बाईंनी त्यावर आणखी एक शेरा मारला: “मोठ्यांसाठी पुण्यात टेकड्या आहेत. सकाळी चढावं, उतरावं. पडायचं भय नाही.”

चौघांतल्या दोघांनी त्याच आठवड्यात क्लब सोडला. मी सोडणार नव्हते. ती जागा गेली असती तर सकाळी घोड्यावर बसून मग कामाला हिंजवडीची बस गाठता येईल अशी दुसरी सोय मला माहीत नव्हती.

दिवाळीच्या आत तीन शो होते. एक मोठा, शहरातला. त्याला काळा कोट, पांढरी विजार, गुडघ्यापर्यंतचे बूट लागत, आणि तिथली सोप्यातली सोपी पातळी माझ्या दोन वर्षं पुढे होती. तो मी सोडून दिला. राहिले दोन. दोन्ही स्कूलिंग शो, म्हणजे नवख्यांच्या सरावासाठी भरवलेले, जिथे स्वारी झाल्यावर परीक्षक चुका समजावून सांगतात. एक आमच्या क्लबचा. दुसरा विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्याला, एका शेतकरी कुटुंबाच्या तबेल्यावर. दोन्हींच्या आणखी फेऱ्या पुढच्या महिन्यात, दिवाळीआधीच होत्या, म्हणून मी आधी दोन्ही ठिकाणी नुसती बघायला गेले. पहिला कोण येतो हे मी पाहिलंच नाही. शेवटचा कोण येतो आणि त्याच्याशी लोक कसे वागतात, एवढंच पाहिलं.

क्लबच्या शोमध्ये शेवटी एक बँकेत काम करणारे गृहस्थ आले, आमच्याच बॅचचे. परीक्षक बाईच होत्या. समजावून सांगायची वेळ आली तेव्हा त्या माइकवर म्हणाल्या, “घोड्याला काय समजावणार? तो बरोबर होता.” आया हसल्या. गृहस्थांनी हेल्मेट काढलं आणि ते काखेत धरून गाडीकडे गेले.

आळंदी रस्त्याला शेवटी एक कॉलेजची मुलगी आली. परीक्षक सैन्यातले निवृत्त घोडेस्वार होते. त्यांनी तिला टेबलापाशी बोलावलं, दहा मिनिटं कागदावर रेघा काढून दाखवल्या आणि पुन्हा रिंगणात पाठवलं. मी तिथेच नाव घालायचं ठरवलं.

क्लबमध्ये कळल्यावर बाई म्हणाल्या, “तिथे? तिथले घोडे लग्नाला जातात. तुम्हाला नवरदेव भेटायचा एखादा.”

तबेल्यावरही कुणी माझ्यासाठी पायघड्या घातल्या नव्हत्या. मालक पन्नाशीचे, पांढरा लेंगा-सदरा, हातात गाडीची किल्ली. त्यांनी माझ्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र पाहिलं. ते काढायचं मी विसरले होते.

“आयटीत हाय का ताई?”

“हो.”

“आमच्या जमिनीवर तुमच्या बिल्डिंगी. आता आमच्या घोड्यावर बी तुमीच.” मग तबेल्याकडे वळून म्हणाले, “पांढरी द्या हिला. पडली तर हळू पडंल.”

पांढरी घोडी वयस्कर होती. लग्नसराईत ती वरातीला जायची. वरातीत माणसं जमली की थांबायचं, मालक कानाशी बोलले की पुढे चालायचं, हे तिच्या हाडात मुरलं होतं. सरावाचे पहिले तीन रविवार मालक तिच्या बाजूने चालत “चल गं, चल गं” म्हणत राहिले. मी सांगितलं, शोला तुम्हाला आत येता येणार नाही आणि मला बोलता येणार नाही.

“मग ती हालायची न्हाय,” ते म्हणाले. “मी काय करू? घोडी माजी हाय, नियम तुमचे.”

दुसरा घोडा मागितला. दुसरे सगळे आधीच दिले होते. मग मी पाय वापरायला शिकले. टाचेने, पोटरीने, बैठकीने. चौथ्या रविवारी कोणी बघत नसताना घोडी नुसत्या पायावर चालू लागली. घरी परतताना बसमध्ये मी क्रम पाठ करत बसायचे. पाठांतर हा माझ्या शाळेचा एकमेव गुण होता; अक्षरं आणि फेऱ्या मला पाढ्यासारख्या येत होत्या. शोला तोंड उघडायचं नाही, एवढं पक्कं ठरवलं.

शोच्या दिवशी कुंपणाला माणसं लागली. मालकांचे भाऊबंद, गावातल्या बायका, स्वारांच्या घरचे. बाईही आल्या होत्या, क्लबच्या दोन मुलांबरोबर. पांढरा कुडता, छत्री. मला पाहून त्यांनी मान किंचित हलवली.

मी आत गेले. दुडक्या चालीने मधल्या रेषेवर आले, मधोमध थांबले, सलाम केला. इथपर्यंत सरळ. पुढे चालायचं होतं. मी पोटऱ्या आवळल्या. घोडी हलली नाही. टाच लावली. तिने कान कुंपणाकडे केले. चारी बाजूंनी माणसं उभी होती, आणि माणसं जमली की काय करायचं ते तिला माहीत होतं. ती वरातीत उभी राहते तशी उभी राहिली, मान ताठ, कोणीतरी कानाशी बोलेल याची वाट बघत.

घोडा वीस सेकंद अडला की स्वार बाद. बाद म्हणजे गुणपत्रिकेवर ‘अपूर्ण’, आणि अपूर्ण म्हणजे माझी जागा गेली. मी पुन्हा टाच लावली. कुंपणापाशी क्लबच्या मुलांनी हळूच च्क च्क केलं. बाईंनी त्यांना गप्प केलं नाही.

मला वडील आठवले असं सांगितलं तर बरं वाटेल, पण तेव्हा काहीच आठवलं नाही. राग आला होता फक्त. मी वाकले आणि मोठ्याने म्हणाले, “चल माय.” टाळूला जीभ लावून दोनदा च्क केलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

घोडी चालू लागली.

पुढे दोनदा ती अडली, एकदा गोल फेरीच्या तोंडाशी, एकदा शेवटच्या वळणावर, जिथे बायका उभ्या होत्या. दोन्ही वेळा मी बोलले. “हो, हो, चल माय.” माझा आवाज आमच्या गावच्या स्टेशनबाहेरचा होता, तसाच, हेलासकट. कुंपणापाशी कोणी हसलं का ते मी पाहिलं नाही. शेवटी मधोमध थांबले, सलाम केला, बाहेर आले.

परीक्षकांनी टेबलापाशी बोलावलं.

“तीन वेळा आवाज. तिन्ही ठिकाणी गुण कापलेत.”

“हो सर.”

“का केला ते मला दिसलं. पण या कागदावर त्याला रकाना नाही.” त्यांनी पेन्सिलीने माझ्या गोल फेरीचा अंडाकार काढून दाखवला. “बाहेरचा पाय झोपलाय तुमचा. तो जागा केला असता तर शेवटच्या दोन वेळा बोलावं लागलं नसतं. पहिल्या वेळेचं मात्र मला माहीत नाही.”

मी शेवटून पहिली आले. मालक घोडीला पाणी पाजत होते. “आयटीवाली बोलली की,” ते म्हणाले. “कुठली बोली ती?”

“घरची.”

“हां,” ते म्हणाले आणि पुन्हा बादलीकडे वळले. मी आल्यापासून त्यांनी मला पहिल्यांदाच टोमणा मारला नव्हता.

सोमवारी सकाळी मी गुणपत्रिका बाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती मुलांसमोर पहिल्या ओळीपासून वाचली. “आवाजाचा वापर. आवाजाचा वापर. आवाजाचा वापर.” प्रत्येक वेळी थांबून. मग कागद उलटा करून पाहिला, मागे काही आहे का. मागे काही नव्हतं. पुढच्या बाजूला खाली ‘पूर्ण’ लिहिलं होतं, आणि सूचना त्यांचीच होती.

“काय बोललात तिच्याशी एवढं?”

“चल माय म्हणाले.”

“हे कोणी शिकवलं?”

त्यांनी खणातून नव्या वर्षाचा अर्ज काढून माझ्यापुढे टाकला. तोच जुना नमुना. नाव, पत्ता, रक्तगट, वडिलांचा व्यवसाय. तिथे मी मराठीत लिहिलं, ‘टांगा चालवत होते’. अक्षरं मोठी काढली.

बाईंनी वाचलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील, आणि मी उत्तर तयार ठेवलं होतं. कित्येक दिवस बसमध्ये घोकलेलं उत्तर.

त्यांनी अर्ज फाइलला लावला.

“सहा वाजता,” त्या म्हणाल्या. “एक मिनिट उशीर झाला तर घोडा मिळणार नाही. आणि इथे बोलायचं नाही.”