दादाच्या हाताची बॅट

आमच्या काकांच्या हाताला तोड नव्हती, असं गावात अजूनही म्हणतात. म्हणोत बापडे. त्या हातानं तासलेल्या प्रत्येक बॅटीनं माझ्या भावाची जाणारी नजर आणखी थोडी झाकून ठेवली, आणि कळलं तेव्हा बरीच गेलेली होती. हे आधीच सांगून टाकते. कारण खेळाच्या गोष्टी ऐकताना लोकांना मजा येते, ते हसायला लागतात, आणि मला मग पुढचं सांगवत नाही.

आमचं गाव भोकरदन आणि टेंभुर्णीच्या मधलं. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. शेती दोघांची एकत्र, पण काकांचा जीव लाकडात. सुतारकी त्यांना कुणी शिकवलेली नव्हती, तरी कुऱ्हाडीला, कुदळीला दांडा बसवून घ्यायला लोक आमच्या गोठ्यात यायचे. काकांची रीत अशी, की ते लाकडाकडे आधी बघतच नसत. आलेल्या माणसाला म्हणत, "दोन घाव घाल." तो बाभळीच्या ओंडक्यावर घाव घालायचा आणि काका त्याच्या खांद्याकडे, कमरेकडे, मनगटाकडे बघत बसायचे. मग त्या घावाला जुळेल असा दांडा. कुणाला लांब, कुणाला आखूड, कुणाला मुठीपाशी जाड. गावात कुणी दुसऱ्याची कुऱ्हाड मागायचं नाही. मागितली तरी ती हाताला लागायची नाही.

"माणसानं दांड्यासारखं व्हायचं न्हाई, दांड्यानं माणसासारखं व्हायचं," असं ते म्हणायचे. लहानपणी मला हे वाक्य फार आवडायचं. पुढं त्याचा संताप यायला लागला.

गावात टीव्ही आले आणि त्यांच्यासोबत क्रिकेट आलं, तो काळ. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तेव्हा कॉलेजात होता. टेनिसच्या चेंडूवर खेळायचा आणि बरा खेळायचा. जालन्याहून त्यानं एक बॅट आणली. काकांनी त्याला चार चेंडू खेळताना बघितलं आणि म्हणाले, "ही बॅट तुझी न्हाई. दुकानदाराची हाय."

त्या दिवसापासून कुऱ्हाडीचे दांडे मागं पडले. सुगी संपली की आमचं खळं सारवून कडक झालेलं असायचं. तिथं दादाला उभं करायचं, चेंडू गेरूच्या पाण्यात बुडवायचा आणि काकांनी स्वतः टाकायचा. बॅटीवर तांबडे ठिपके उमटायचे. ते बघून काका सांगायचे, चेंडू कुठं लागतो, हात कुठं वळतो, वजन कुठं जास्त झालंय. मग रंधा, कानस आणि शेवटी फुटक्या काचेच्या तुकड्यानं हलकं खरवडणं. मुठीवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, दादाच्या पंज्याला भरतील इतक्याच. काकांनी तासलेल्या पहिल्या बॅटीवरचे ठिपके सगळे मधोमध एका जागी पडले, तळहाताएवढ्या जागेत. त्या जागेवर चेंडू बसला की हाताला काही जाणवत नाही, फक्त आवाज येतो, असं दादा म्हणायचा.

त्या हंगामात भोकरदनच्या मैदानावर त्यानं असे फटके मारले, की दुसऱ्या गावची पोरं बॅट हातात घेऊन बघायला यायची. दोनदा फिरवायची आणि तोंड वाकडं करून परत द्यायची. काकांना त्याचा कोण अभिमान.

पुढच्या सुगीनंतर ठिपके सरकले.

मी खळ्याच्या कडेला तुरी पाखडत बसले होते, म्हणून मला ते संभाषण जसंच्या तसं आठवतं. ठिपके बॅटीच्या बाहेरच्या कडेला गेले होते आणि काही चेंडू तर बॅटीला शिवलेच नव्हते. काका म्हणाले, "तू उशिरा येऊन राह्यला चेंडूवर."

"टप्पा पडला की मंग तो जातो कुठं, तेच कळत न्हाई काका."

"कळत न्हाई म्हंजे?"

"म्हंजे असतो. पण मधीच हरवतो. मंग एकदम जवळ आल्यावर गवसतो."

काका बॅट हातात घेऊन उभे राहिले. दोनदा तोलून बघितली. माझं सूप थांबलं होतं, का कोण जाणे. मग ते म्हणाले, "बॅट जड झाली तुला. हात अडकून राह्यला. थांब, मागून पोट काढतो तिचं."

माझा भाऊ त्या दिवशी स्पष्ट बोलला होता. यापेक्षा स्पष्ट कोण कसं बोलणार? पण काकांना गेली कित्येक वर्षं माणसाच्या अंगातला दोष लाकडातून काढायची सवय. त्यांनी मागची बाजू तासून बॅटीचं पोट काढलं, मूठ करवतीनं आखूड केली. दादा जास्त वाकून उभा राहू लागला आणि हलकी बॅट शेवटच्या क्षणी फिरवू लागला. ठिपके पुन्हा मधे आले. काकांनी ते ठिपके घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवले.

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपल्यात म्हणतात. आमच्या घरी उलटं झालं. नाचणाऱ्याचा पाय चुकायला लागला तसं काकांनी अंगणच त्याच्या पायाला लागेल असं वाकवून दिलं.

घरात मात्र अंगण होतं तसंच होतं. दादा पायाशी ठेवलेला तांब्या लाथाडायचा. जेवताना ताटाशेजारची वाटी त्याच्या हाताला लागून कलंडायची. दिवेलागणीला दाराची चौकट खांद्याला लागायची. "डोळे हायेत का बटणं?" असं जो तो म्हणायचा आणि तो हसायचा. एकदा आईला म्हणाला, की बल्बच्या भोवती रंगीत कडं दिसतं. आईनं डोक्यावर तेल थापलं. डोकं दुखतं म्हणाला तर कपाळाला बाम. जागरण, ऊन, पित्त, कुणाची नजर लागली असेल, सगळी कारणं काढून झाली. आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि मोहऱ्या तडतडल्या म्हणून तिला बरं वाटलं.

ठिपके मधून मधून सरकत राहिले. काका दर वेळी त्यांना परत आणत राहिले. एकदा बॅटीचा खालचा भाग जाड ठेवला. एकदा दादाला पुढचा पाय उघडायला लावला, म्हणजे तो जवळजवळ तोंड समोर करून उभा राहू लागला. असं कुणी उभं राहत नाही, म्हणून पोरं चेष्टा करायची. चेंडू सीमेबाहेर गेला की गप्प बसायची.

माझी मावशी बदनापूरला दिलेली. तिथं मोठा सामना होता आणि मी नेमकी तिच्याकडं गेले होते, त्यामुळं मला बघायला मिळाला. आधी दादा क्षेत्ररक्षणाला उभा होता. एक चेंडू उंच उडाला आणि त्याच्या पुढ्यातच पडला. तो आकाशाकडं बघत राहिला. चेंडू पायाशी थांबला तरी तो इकडं तिकडं शोधत होता. लोक पोट धरून हसले. पुढं फलंदाजीला आला आणि त्यानंच सामना काढून दिला, तेव्हा तेच लोक नाचले. पोरं त्याला खांद्यावर घेऊन आली. खाली उतरवलं तिथं मी त्याच्या डाव्या बाजूला उभी होते, हातभर अंतरावर, हात पुढं करून. तो माझ्याजवळून सरळ निघून गेला. रुसला म्हणावं तर तोंडावर हसू होतं. मी तिथं नव्हतेच, असा गेला.

परत आल्यावर मी काकांना म्हटलं, "काका, दादाला बाजूचं दिसत नाही."

"जिंकल्याची नशा होती पोरी. आन् दिसत नसतं तर असा खेळला असता का?"

त्याचा खेळ हाच तो ठणठणीत असल्याचा पुरावा होता आणि तो पुरावा काका गोठ्यात बसून तयार करत होते.

त्या उन्हाळ्यात टेंभुर्णीला शाळेत डोळ्यांचं शिबिर लागलं. काकांना जवळचं दिसेनासं झालं होतं, लाकडाची रेघ ओळखू येत नव्हती, म्हणून ते निघाले. दादा आणि मी सोबत. वर्गात म्हातारी माणसं ओळीनं बसलेली. दादा आत शिरताना एका आजोबांच्या काठीला अडखळला आणि सावरताना स्टूल पाडलं. डॉक्टरीणबाई काकांना भिंगं लावून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्हीही बसा. तुमचे डोळे बघू."

"मॅडम, माझे डोळे बराबर हायेत. भोकरदनला विचारा कुणालाबी."

"एक डोळा झाका. माझ्या नाकाकडं बघा. बोट दिसलं की सांगा."

त्यांनी हात बाजूला लांब धरला आणि एक बोट हलवत हळूहळू आत आणायला लागल्या. मला दिसत होतं. ओळीतल्या म्हाताऱ्यांना दिसत होतं. काकांना त्या तपासणीच्या जड चष्म्यातूनही दिसत असावं, कारण त्यांचे ओठ हलले. बोट बाईंच्या खांद्यापर्यंत आलं, खांदा ओलांडला, गालापाशी आलं. दादा शांत बसून नाकाकडं बघत होता. वाट बघत होता बिचारा.

"आता," तो म्हणाला.

बाईंनी दुसऱ्या बाजूनं बोट आणलं. मग दुसरा डोळा. मग त्यांनी दादाला काही न सांगता काकांना विचारलं, "यांच्यासोबत मोठं कोण आहे?"

डोळ्यांतला दाब मोजल्यावर काचबिंदू निघाला. तो म्हाताऱ्यांचा आजार ना, असं काका पुन्हा पुन्हा विचारत होते. तरण्यांनाही होतो, बाई म्हणाल्या. डोळा दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात आत येतो. त्यांनी लगेच औरंगाबादला जायला सांगितलं.

औरंगाबादच्या दवाखान्यातले डॉक्टर वयस्कर होते आणि सरळ बोलणारे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येईल तेवढी राखू, म्हणाले. मग त्यांनी दादाला विचारलं, "क्रिकेट खेळता म्हणे. खेळणारी पोरं तर आमच्याकडं लवकर येतात. चेंडू चुकायला लागला की त्यांना कळतं. तुम्हाला कसं कळलं नाही?"

दादा अगदी सहज म्हणाला, "चुकत नव्हता साहेब. आमचे काका बॅट बसवून द्यायचे."

त्यात टोमणा नव्हता. उलट कौतुक होतं. काका भिंतीशी उभे होते. ते खाली बसले, फरशीवरच, आणि मी हात दिला तरी उठले नाहीत.

घरी आल्यावर पहिले काही दिवस त्यांनी रंध्याला हात लावला नाही. दादाच्या डोळ्यांत वेळेवर थेंब टाकायचं काम त्यांनी आपल्याकडं घेतलं. मला वाटलं, आता संपलं. पण माणसाचा हात गप्प बसत नाही. एक दिवस बघते तर माजघराचा उंबरा तासून सपाट केलेला. मग ओट्यापासून गोठ्यापर्यंत बांबूचा कठडा. दाराच्या चौकटीच्या कडा गोल. घर दादाच्या अंगाला लागेनासं होत चाललं, आणि दादाही हल्ली कशाला धडकत नाही म्हणून आई देवाला हात जोडू लागली. मला मात्र ते बॅटीवर परत मधे आलेल्या ठिपक्यांसारखं वाटायला लागलं.

एका सकाळी काका बांबूची काठी आणि पटाशी घेऊन ओट्यावर बसले आणि दादाला म्हणाले, "दोन पावलं टाक. चाल बघू दे तुझी."

दादा उभा राहिला. त्यानं काठीकडं बघितलं नाही. म्हणाला, "काका, आता काही बसवू नका मला."

"आरं, पडशील."

"पडू द्या. ठेच लागू द्या. किती राह्यलं ते मला कसं कळायचं मंग? डॉक्टर म्हणले, कमी वाटलं की जल्दी या. तुम्ही कमी वाटूच देत न्हाई."

दादा कठड्याला न धरता अंगणात उतरला. मोरीच्या कडेला एक दगड होता, आमच्या जन्माच्या आधीपासूनचा, काकांच्या तावडीतून सुटलेला. त्याला दादाचा पाय बसला. तो वाकून अंगठा चोळत राहिला. मग म्हणाला, "परवा दिसला होता हा मला."

आईनं पदर तोंडाला लावला. काका पटाशी खाली ठेवून उठले आणि गोठ्याकडं न जाता घरात जाऊन त्यांनी बाहेरचे कपडे घातले. पुढच्या गाडीनं आम्ही औरंगाबादला गेलो. नुसत्या थेंबांनी भागत नव्हतं, ऑपरेशन करावं लागलं. त्यानंतर जेवढी उरली होती तेवढी टिकली. नळीतून बघावं तेवढीच आहे, पण आहे.

मोरीजवळचा तो दगड अजून तिथंच आहे. आम्ही घर नव्यानं बांधलं तेव्हा गवंडी तो काढायला निघाला होता. काकांनी त्याला काढू दिला नाही.