पुसता न येणारा फोटो

जाम गावच्या चौकातल्या भंगारवाल्याकडून मी एक जुना डबा कॅमेरा पिपरी मेघेतल्या घरी आणला, तेव्हा बायको म्हणाली, "घरात एक भंगार होतंच की." कॅमेरा अगदी साधा. एक काच, एक खटका, आणि फोटो काढून झाला की रोल पुढे सरकवायची किल्ली. पाठीवर छोटी लाल खिडकी, तिच्यातून फोटोचा आकडा दिसतो. मी त्याच्या प्रेमातच पडलो.

ही बातमी वडनेरच्या आत्याला लागली. वडिलांची ही थोरली बहीण ऐंशीच्या पुढची, पण बोलण्यात कुणाला आवरत नाही. आपल्या जावेच्या भिंतीवरच्या फोटोचा तिने धसका घेतला होता. जाऊ गेली तेव्हा मुलांनी घाईघाईत आधार कार्डावरचा फोटो मोठा करून त्याला हार घातला. त्यात ती बिचारी पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते.

"माया फोटो मी जित्ती असतानाच काढजो," आत्या फोनवर म्हणाली. "अन् मोबाइलात नाई. तुम्ही काढता काय, पुसता काय! मले पुसता न येणारा पाहिजे."

आता रोल आणायचा कुठून? वर्ध्यातल्या एका स्टुडिओत विचारलं, तर मालकाने आत हाक मारली, "बाबा, बाहेर या! रोल मागून राह्यले!" बाबा लगबगीने आले, कॅमेऱ्याचा खटका वाजवून पाहिला, खूश झाले आणि म्हणाले, "रोल नाई जी. पण येत जा." शेवटी मुंबईहून मागवला. उन्हाने बिघडू नये म्हणून तो फ्रिजमध्ये ठेवला. घरी येणाऱ्या प्रत्येकाला बायको सांगायची, "ते औषध नाही, यांचं वेड आहे."

वडनेरला आत्या नवं लुगडं नेसून, श्वास रोखून अंगणात बसली. मी खटका दाबला आणि अख्खं घर माझ्यामागे जमलं.

"दाखव!"

"यात दिसत नाही."

"मंग काढला कायले?"

सुनेने लाल खिडकीला डोळा लावला. "आई नाई दिसत, एक आकडा दिसून राह्यला." सगळ्यांना समजावता समजावता किल्ली फिरवायची राहूनच गेली. तेवढ्यात आत्या हात उगारून उठली, "तिकडं चहा उतू चालला ना वो!" ते रूप मला भारी आवडलं. मी पुन्हा खटका दाबला. त्यानंतर ती काही बसेना. "झाला ना माया," म्हणे. उरलेला रोल नातवंडांनी आणि बैलांनी संपवला.

रोल धुवायला मुंबईला गेला आणि आत्या दवाखान्यात दाखल झाली. मी पार घाबरलो. फोन केला की तब्येतीआधी तीच विचारायची, "धुतला का? लवकर सांग त्याइले, मी किती थांबू?" मी हसायचो, आणि फोन ठेवला की डोळे पुसायचो.

फोटो आला तसा मी कपाळाला हात लावला. किल्ली न फिरवल्यामुळे दोन्ही फोटो एकावर एक उमटले होते. एक आत्या गंभीर बसलेली, आणि तिच्यातूनच उठलेली दुसरी, हात उगारलेला, तोंड उघडं. बोलणी खायची तयारी करून मी वडनेरला गेलो. दवाखान्यातून घरी परतलेल्या आत्याने चष्मा लावून बराच वेळ फोटो पाहिला. मग सुनेला जवळ बोलावलं.

"हाच लावजो," ती म्हणाली. "एक बसन हार घालून गप. दुसरी उठून पाहीन, कोण कोण रडलं नाई ते."