साडेचारशे कोटी वर्षं आणि सुमीची नऊ

हयातीचा दाखला द्यायला बँकेत रांगेत उभा होतो. दर नोव्हेंबरात आम्हा पेन्शनवाल्यांना आपण अजून जिवंत आहोत हे सही करून सांगावं लागतं. माझ्यापुढे दोघंच उरले होते आणि फोन वाजला. काशिनाथचा नंबर बघून मी नेहमीच्या खुशीत म्हणालो, "बोला गुरव महाराज, मागचं भांडण पुढं चालू करायचं का?" पलीकडे त्याची बायको, इंदूवहिनी होत्या. "भावजी, ह्ये गेलं... पहाटं. तुमी या. तुमी आल्याबिगर न्यायचं न्हाई म्हनून सांगितलंय म्या समद्यास्नी." मी रांगेतून बाहेर पडलो. घोडेगावहून मंचर, मंचरहून नारायणगाव, तिथून बोरी. वाटेतलं काही आठवत नाही. एवढंच आठवतं, की कंडक्टरने कुठलं तिकीट म्हणून विचारलं तेव्हा माझ्याच गावाचं नाव मला पटकन सुचेना. आता पाच आठवडे झाले. काशिनाथवर लिहा, असं मला कुणी सांगितलेलं नाही. सभेत हार घालावेत असा काही तो माणूस नव्हता. पण एक गोष्ट बरीच वर्षं मनावर आहे, आणि ती ज्याच्याशी बोलायची तोच आता नाही.

काशिनाथ आणि मी बोरी बुद्रुकचे. तो गुरवाचा. नदीकाठच्या महादेवाची पूजा, बेल, आणि लग्नकार्याला पळसाच्या पत्रावळी पुरवणं, हे त्यांच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. मी बौद्ध वस्तीतला. सातवीपर्यंत आम्ही शेजारी बसलो, मग तो देवळात गेला आणि मी भूगोलाचा मास्तर होऊन घोडेगावच्या शाळेत. हे सगळं मांडणारा कुणीतरी एक कर्ता आहे, यावर त्याचा पक्का विश्वास. आमच्या घरात तो विषय आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशीच संपलेला. त्यामुळे भांडण झालं नाही तर आम्हाला भेट झाल्यासारखं वाटत नसे.

आमच्या कुकडीच्या दरडीत पांढुरक्या राखेचा एक थर आहे, पिठाहून मऊ. बायका तिने भांडी घासायच्या. गुरवाच्या घरात मात्र असं मानत, की देवाने जग मांडायला घेतलं तेव्हा पहिला होम केला, त्या होमाची ही राख. काशिनाथचे वडील अंगारा म्हणून तीच द्यायचे. आमच्या माणसांना ते ती वरून टाकत, हात लागू न देता. "अर्धी हातात पडायची, अर्धी मातीत," असं आजोबा सांगायचे. दीक्षा घेतल्यावर त्यांनी हात पुढे करणंच बंद केलं. काशिनाथने बापाची ती रीत मोडली, तो येईल त्याच्या कपाळाला स्वतःच्या बोटांनी लावायचा. मी मात्र कधी कपाळ पुढे केलं नाही आणि त्यानेही कधी आग्रह केला नाही.

त्याला एकच मूल, सुमन. आम्ही सगळे सुमी म्हणायचो. माझ्या अंगावर चढून शाळेची शिट्टी काढून घ्यायची आणि गावभर वाजवत फिरायची. नऊ वर्षांची असताना तिला ताप आला तो डोक्यात गेला. नारायणगावला नेलं, पुण्याला नेलं, डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. काशिनाथ रोज सकाळी त्या वॉर्डात तिच्या कपाळाला घरून नेलेली राख लावायचा. अठराव्या दिवशी ती गेली. मी भेटायला गेलो तेव्हा तो रडत नव्हता, आल्यागेल्याला पाणी विचारत होता. मला वाटलं, धक्क्याने असं होत असेल. तो कशाच्या आधाराने उभा आहे, हे मला माहीत नव्हतं.

वर्षभराने काही अभ्यासक ती राख बघायला नदीवर आले. दरडीचे नमुने घेतले, पिशव्या भरल्या. मी शिमग्याच्या सुट्टीत गावी होतो. शहाणपणा मिरवायची आयतीच संधी. दोन दिवस त्यांच्यामागे हिंडलो आणि तिसऱ्या दिवशी देवळापुढच्या पारावर, आठ-दहा माणसांदेखत, काशिनाथला म्हणालो, "कुठला होम आणि कुठलं काय! ही ज्वालामुखीची राख आहे. समुद्रापलीकडे डोंगर फुटला, तिथून वाऱ्याने इथवर आली. तेव्हा तुझं देऊळ नव्हतं, गुरव नव्हता, बोरी पण नव्हती." माणसं हसली. मलाही बरं वाटलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्या बोलण्यात भूगोल कमी होता आणि आजोबांचा अपमान जास्त होता... आणि तो मी चुकीच्या माणसाकडून वसूल केला. हातातली राखेची वाटी काशिनाथने उपरण्याखाली झाकली आणि आत निघून गेला.

दोन महिन्यांनी तो घोडेगावला माझ्या दारात उभा. दर उन्हाळ्यात पळसाची पानं आणायला तो आमच्या वरच्या डोंगरातल्या गावांना जायचा आणि जाता-येता आमच्याकडे मुक्काम करायचा. त्या वर्षी त्याने पोतं उंबऱ्याशी टाकलं, पाणीही घेतलं नाही. म्हणाला, "मास्तर, सुमीच्या कपाळाला मी काय लावलं?"

मला प्रश्नच कळला नाही. मग तोच बोलत गेला, माझ्याकडे न बघता. "मला वाटलं व्हतं, ही त्याच्या पयल्या कामाची राख हाय. ती लावून गेली म्हंजी तो पोरीला वळखंल. लहान व्हती रं. एकटी कुठं जाईल, कुनाला काय सांगंल... म्हनून रोज लावत व्हतो." पारावर हसता हसता मी त्याच्या हातून काय काढून घेतलं होतं, ते मला तेव्हा समजलं. "काशिनाथ, मला ठाऊक नव्हतं रे," एवढंच म्हणालो. तो म्हणाला, "तुजं खोटं न्हवतं. खोटं असतं तर भांडलो असतो. आता समदं सांग. किती जुनी हाय ती?"

मी सांगितलं, की राखेच्या वयावर जाणकारांचंच एकमत नाही. कुणी हजारांत मोजतात, कुणी लाखांत. पण पृथ्वी साडेचारशे कोटी वर्षांची आहे, आणि हे सगळं विश्व तिच्या तिप्पट जुनं. तो ओठांतल्या ओठांत पुटपुटला, "साडेचारशे कोटी." मग म्हणाला, "आन् माजी सुमी नऊ. देव न्हाई आसं मी म्हनत न्हाई, मास्तर. पन एवढ्या पसाऱ्यात ती त्याला दिसली तरी आसंल का?" देव नाही असं ज्याने आयुष्यभर सगळ्यांना पटवत फिरावं, त्यालाच त्याने हे विचारावं!

गावात परतल्यावर त्याने नदीची राख द्यायचं बंद केलं. नारायणगावच्या बाजारातून विभूतीच्या पुड्या आणू लागला. लोकांनी कारण विचारलं तर म्हणायचा, "सवड न्हाई." माझ्याशी मात्र त्याने बोलणं तोडलं नाही, उलट दर उन्हाळ्यात तो प्रश्नांचं गाठोडं घेऊन यायचा. तारा मरतो म्हंजी काय व्हतं? मासा आधी का झाड आधी? सूर्य इझला तर? मी माझी शाळेची पुस्तकं काढून समजावायचो आणि तो एकेक गोष्ट मान हलवून घ्यायचा. एकदा वैतागून मी म्हणालो, "अरे, एवढं सगळं पटतंय ना, मग तो देव सोड की आता." तो म्हणाला, "दोनी खरं हाय. मला फकस्त त्यांची गाठ मारता येत न्हाई." पुढे एका वर्षी गावातल्या सप्त्यात आलेल्या एका बुवांनी पुराणातल्या कल्पांचा हिशेब मांडून दाखवला, की विज्ञान आज अब्जांत बोलतंय ते आपल्याकडे आधीपासूनच आहे. लोकांनी टाळ्या पिटल्या. मला वाटलं, झालं, आता हा माझ्यावर कुरघोडी करणार. तर तो उदासच. "आकडा जुळला म्हनून काय झालं? माजा सवाल आकड्याचा न्हवताच."

असे सहा-सात उन्हाळे गेले. एका दुपारी तो आमच्या ओसरीवर आणलेली पानं निवडत बसला होता. पानं वाळायच्या आत थोड्या पत्रावळी लावून घेऊ म्हणून त्याने सुरुवात केली. पानावर पान ठेवायचं, बारीक काडी टोचायची, मोडायची, पुन्हा टोचायची. तोपर्यंत बाजारात कागदाच्या ताटांचे ढीग आले होते आणि त्याच्या पत्रावळी फारसं कुणी घेत नव्हतं. माझी बायको तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "भाऊजी, एवढं बारीक कशाला टाचताय? जेवण झालं की फेकूनच द्यायची ना?" तो सहज म्हणाला, "फेकायचीच आसती, वयनी. येका जेवनाची तर आसती. पन म्हनून काय वाकडी टाचायची?" आणि बोलता बोलता त्याचा हात थांबला. तसाच थांबला, काडी पानात अर्धी गेलेली. मला वाटलं, बोटाला टोचली. त्याने वर पाहिलं तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मास्तर, त्यानं डोंगराला लाखो वर्सं दिली. सुमीला नऊ. पन म्हनून तिला त्यानं घाईत टाचली, आसं न्हाई. व्हय ना?"

मी भूगोलाचा मास्तर. माझ्या मनात हरकतींची रांग लागली. पत्रावळ भर पंगतीत फाटली, त्याचं काय? मांडणाऱ्यालाच सवड होती तर नऊच का? या हरकती आजही माझ्याजवळ आहेत, एकीलाही उत्तर मिळालेलं नाही. पण त्या दुपारी मी नुसतं "होय" म्हणालो. आयुष्यात एकदा तरी वेळेवर तोंड आवरायची अक्कल मला आली. सुमी गेल्यानंतर इतक्या वर्षांनी तो माझ्यासमोर पहिल्यांदा रडला, आणि माझ्या बायकोने मांडीवरचं सूप बाजूला ठेवून त्याच्या पाठीवर हात ठेवला. बऱ्याच वेळाने मी भीत भीत विचारलं, "मग ती राख?" तो डोळे पुसत म्हणाला, "तो राखंवरनं कशाला वळखंल? मानूस आपल्या हातचा टाका वळखतो की."

त्यानंतर त्याने विभूतीच्या पुड्या बंद केल्या आणि नदीची राख पुन्हा आणली. दरड त्याने कधी उकरली नाही. पावसाने खाली वाहून आलेली तेवढी गोळा करायचा, कापडातून गाळायचा. आणि लावताना प्रत्येकाला सांगायचा, "ही समुद्रापल्याडच्या डोंगराची राख हाय. लई जुनी. होमाची न्हवं." एखादी म्हातारी गोंधळून विचारायची, "आरं मंग लावतुस कशाला?" तो म्हणायचा, "डोंगर बी त्याचाच." त्याची देवळातली बढाई गेली होती आणि माझी पारावरची. आम्ही भांडत राहिलो, पण जपून. गेल्या वर्षापासून त्याची मूत्रपिंडं कामातून गेली होती. दिवाळीनंतर भेटलो तेव्हा खाटेवर बसून त्याने मला विचारलं होतं, विश्व अजून पसरतंय म्हणतात, ते कशात पसरतंय? मी म्हणालो, पुढच्या खेपेला सांगतो. ते सांगायचं राहिलंच.

मी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. त्याला आंघोळ घालून ओसरीवर ठेवलं होतं. कपाळ कोरं होतं. मला आधी ते चुकून राहिलंय असं वाटलं. इंदूवहिनी उठल्या आणि राखेची वाटी माझ्यापुढे धरली. "तुमच्याच हातानं लावायची म्हनून ह्यांनी सांगून ठेवलं व्हतं." त्यांचा पुतण्या शेजारच्याच्या कानात काहीतरी बोलला. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. सत्तरीला आलो, पण अंगाऱ्याला कधी बोट लावलेलं नाही. एक बोट की तीन, डावीकडून की उजवीकडून, मला काही माहीत नव्हतं. वहिनींनी स्वतःच्या कपाळावर बोटं फिरवून दाखवलं. मी खाली बसलो. त्याचं कपाळ गार होतं. राख इतकी बारीक, की बोटांना कळतही नव्हती, मी ती लावतोय की नुसताच हात फिरवतोय... कुणी वरून बघतंय असं मला तेव्हा वाटलं नाही. आजही वाटत नाही. पण लावून झाल्यावर मी उठून दोन पावलं मागे सरलो आणि पाहिलं. उजवीकडची रेघ जरा खाली उतरली होती. मी पुन्हा खाली बसलो आणि ती सरळ केली.