ओढ्याकडचा बांध

पलूसजवळच्या आमच्या मळ्यात, ऊस आणि ओढा यांच्यामधल्या मातीच्या बांधावर कोळ्यांची बिळं होती. कोळी म्हटलं की लोकांना जाळं आठवतं. हा कोळी जाळं विणत नाही. तो जमिनीत वीतभर खोल बीळ करतो, आतून रेशमाचं अस्तर लावतो आणि तोंडावर मातीचं झाकण बसवतो, तेही बिजागरीसकट. कोटाच्या बटणाएवढं ते झाकण मिटलेलं असलं, की नाकासमोर असूनही दिसत नाही. लहानपणी गवत कापताना माझं खुरपं एका झाकणाला लागलं, ते उघडलं आणि मी त्या बांधाची झाले. पुढं प्राणिशास्त्र शिकले, कराडला कॉलेजात जन्मभर शिकवलं. पण सुट्टी लागली की बांधावर पालथी पडलेली असायचे. गावाला मी खुळी वाटायचे. वाटू दे.

यातली मादी एकदा बीळ केलं की मरेपर्यंत तिथंच राहते. नर तेवढे उंडारतात. एक मादी मी सलग नऊ वर्षं पाहिली. सुईच्या टोकानं झाकण उचलायला गेलं, की ती आतून नख्या रुतवून ओढून धरायची. मी पुष्कळदा हरून सुई बाजूला ठेवली आहे.

वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ फौजेतून पेन्शनीवर आला होता. आमच्याकडं बहिणीनं जमिनीवरचा हक्क सोडायचा असतो. न सोडणारीचं माहेर तुटतं, सोडणारीला दिवाळीला साडी मिळते. मला जमीन नकोच होती. मी म्हटलं, "सही करते, पण ओढ्याकडचा बांध हलवायचा नाही."

"आक्का, शब्द हाय माझा. बांधाला हात लावणार न्हाई."

"मग तसं लिहून ठेवूया का?"

त्याचा चेहरा पडला. "सख्ख्या भावाचा शब्द कागदावर मागतीस व्हय?"

मी ओशाळले. 'पाहिलं ते तिथल्या तिथं लिहून ठेवा' म्हणून पोरांना आयुष्यभर दटावणारी बाई, आणि नेमकी तिथं गप्प बसले. कचेरीत सही केली, अंगठा दिला. येताना भावानं मिसळ खायला घातली.

यंदा मार्चमध्ये मळ्यात गेले, तर बांध नव्हता. जेसीबी फिरवून सगळं सपाट केलं होतं आणि उसाच्या दोन सऱ्या वाढल्या होत्या.

"ठिबकच्या पायपा वळवायला आडवा येत व्हता," भाऊ म्हणाला. "आन् कोळी काय, हितं न्हाई तर पल्याड जात्याली. लय मनाला लावून घिऊ नगंस."

जात नाहीत. पुरी वाढलेली मादी उकरून बाहेर पडली की तिला नवं बीळ धड जमत नाही. उघड्यावर तिला मुंग्या खातात, नाहीतर ऊन. हे मी त्याला सांगितलं नाही. भांडायचं कशाच्या जोरावर? भावजयीनं साडी पुढं केली. ती मी घेतली, याची अजून लाज वाटते.

दुपारभर ढेकळं फोडत फिरले. शेवटी एक झाकण सापडलं, फाटलेलं अस्तर लोंबत असलेलं. उलटं करून भिंगाखाली धरलं. आतल्या बाजूला नख्या रुतवल्याची बारीक भोकं होती. त्यातली जुनी किती आणि जेसीबी आला त्या दिवसाची किती, ते सांगता येत नाही. पण तिनं धरून ठेवलं असणार, यात मला शंका नाही.

कचेरीत मी सही केली, तेव्हा पेनसुद्धा माझंच होतं.